पूर्वेकडे पाय

मावशीला मी सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीत डेटा एन्ट्रीचं काम मिळालंय. ते खोटं नव्हतं. कसला डेटा, एवढंच सांगितलं नव्हतं.

दोन हजार सहा सालचा हिवाळा होता. मी मास्टर्ससाठी अमेरिकेत आले होते आणि श्रूजबरीला मावशी-काकांकडे राहत होते. कॅम्पसपर्यंत बस जात नव्हती, म्हणून काका ऑफिसला जाताना मला सोडायचे आणि येताना घ्यायचे. एका संध्याकाळी पार्किंगमध्ये बर्फ साचला होता, म्हणून ते थेट तळघरातल्या लॅबपर्यंत आले. तिथे भिंतीवर एक मोठा फोटो होता. खड्ड्यात उताणा पडलेला सांगाडा, हात बाजूला सरळ, शेजारी पांढरी-काळी मोजपट्टी. जेवताना काका म्हणाले, "हिची डेटा एन्ट्री म्हणजे मढ्यांची हजेरी आहे."

मावशीचा हात पोळीच्या डब्यावर थांबला. "हाडं हाताळतेस तू?"

"नाही. हाडं तिकडेच आहेत, युरोपात. माझ्याकडे फक्त कागद येतात."

"तरी आल्यावर आंघोळ करत जा."

"अगं, कागदाला काय सुतक असतं का!" काका म्हणाले.

मी रोज संध्याकाळी आंघोळ करू लागले. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

कागद आमच्या बाईंचे होते. बाई म्हणजे माझ्या प्रोफेसर, सत्तरीच्या जवळ आलेल्या, पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. पूर्व युरोपात दोन देशांच्या सीमेवर एक नदी आहे. तिच्या काठावर बाराशे वर्षांपूर्वीची एक दफनभूमी त्यांनी सात उन्हाळे खणली होती. तेव्हाही ती नदी सीमाच होती. नदीच्या अलीकडचे लोक नुकतेच ख्रिस्ती झाले होते, पलीकडचे झाले नव्हते. दोघांची माणसं एकाच जमिनीत पुरली गेली का, आणि गेली असतील तर एकसारखी का, एवढाच बाईंचा प्रश्न होता. त्यावर त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली होती.

प्रत्येक थडग्याचा एक फॉर्म होता. माती लागून बोटांची छाप उमटलेला, कुठे चहाचा डाग पडलेला. खोली किती, मणी किती, चाकू आहे का, देह कुठल्या दिशेला ठेवलाय. मी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवायचं. पहिल्या सहा वर्षांच्या फॉर्मवर दिशा लिहिलेलीच होती, ती मी नुसती उतरवली. जवळजवळ सगळीकडे 'पश्चिम'. शेवटच्या उन्हाळ्यात बाईंचा खुबा मोडला होता आणि विद्यार्थ्यांनी एकट्यांनीच कोपऱ्यातली एकोणीस थडगी खणली होती. त्यांनी ती चौकट रिकामी ठेवली होती. बाई म्हणाल्या, "ड्रॉइंग बघ आणि भर." प्रत्येक ड्रॉइंगवर उत्तरेचा बाण होता. त्यात अवघड काहीच नव्हतं. मी बघितलं आणि भरलं. एकोणीसच्या एकोणीस 'पूर्व'.

तक्ता छापून दिला त्या दिवशी बाई खुर्चीतून उठल्या आणि काठी न घेता टेबलाला फेरी मारून माझ्याकडे आल्या. "हे बघितलंस? एका कोपऱ्यात. सगळे उलटे." त्यांनी नकाशावर त्या कोपऱ्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला. "हे पलीकडचे. यांना जागा दिली, पण कोपऱ्यात दिली, आणि तोंड फिरवून दिली."

मार्चमधल्या एका परिषदेत हे मांडायचं ठरलं. निवृत्तीपूर्वीचं शेवटचं मोठं भाषण, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

मला त्या एकोणीस जणांची ओढ लागली होती. आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. पुण्याच्या काकू नागपूरच्या काकूंशी बोलत असतात, मुलं इंग्रजीत भांडत असतात, आणि "तू का नाही गं बोलत?" असं कुणी विचारलं की मी हसते. कोपऱ्यात उलटं निजवलेल्या माणसांबद्दल मला जे वाटत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. पण फॉर्म परत जागेवर ठेवताना त्यांचे मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले.

परिषदेच्या आधीच्या रविवारी काकांनी नवा पलंग आणला. भागांचे खोके, स्क्रूंच्या पिशव्या, आणि काका जमिनीवर मांडी घालून बसलेले. मी फळी धरून उभी होते. हेडबोर्ड उत्तरेच्या भिंतीला लागला आणि मावशी दारातूनच ओरडली, "अहो, दक्षिणेकडे पाय येतायत!"

"मग आता?"

"मग फिरवा. पाय उत्तरेला नाहीतर पश्चिमेला करा."

"तू मला पाय काय सांगतेस? हेडबोर्ड कुठल्या भिंतीला ते सांग. पाय जातील आपोआप उरलेल्या बाजूला."

"आमच्याकडे पायच सांगतात. काय गं," ती माझ्याकडे वळली, "तुझी आई काय सांगायची?"

"पायच," मी म्हणाले.

म्हणाले, आणि फळी हातातून घसरून काकांच्या गुडघ्यावर बसली. ते काय ओरडले ते मला आठवत नाही. मला ड्रॉइंगवरचा बाण दिसत होता. माझी शाळा इंग्रजी, दिशा मी नकाशावर इंग्रजीत शिकले. पण आडव्या माणसाची दिशा मी घरी शिकले होते, आणि घरी ती पायांची असते. पाय कुठे करून झोपलीस, दक्षिणेकडे नाहीत ना. बाईंच्या जुन्या फॉर्मवर 'पश्चिम' होतं ते डोकं. मी लिहिलेलं 'पूर्व' म्हणजे पाय. डोकी त्यांचीही पश्चिमेलाच होती. ते एकोणीस जण इतर सगळ्यांसारखेच निजलेले होते.

सोमवारी मी लवकर जाऊन जुने फॉर्म आणि ड्रॉइंग शेजारी शेजारी ठेवून पाहिले. शंकेला जागा नव्हती. बाई दहाला आल्या, त्यांनी मला त्यांच्या भाषणाचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला आणि विचारलं, "बरा वाटतो?" मी म्हणाले, "हो."

मंगळवारी मी मनात वाक्यं जुळवत राहिले. कुणाला कधी कळणार होतं? थडगी बुजवलेली होती. ड्रॉइंग माझ्याशिवाय कुणी उघडली नव्हती. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे बाईंच्याच हातात होतं. आणि एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पण चार दिवसांनी त्या भरलेल्या सभागृहात उभ्या राहून माझे पाय वाचून दाखवणार होत्या.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या दारात उभी राहिले. "कोपऱ्यातली थडगी उलटी नाहीत," मी म्हणाले. "मी पायांची दिशा लिहिली."

त्यांना आधी कळलंच नाही. मी फोल्डर पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला आणि पहिलं ड्रॉइंग पाहिलं, मग दुसरं. मला वाटलं तीन-चार बघून थांबतील. त्या थांबल्या नाहीत. एकोणिसाव्यापर्यंत एकेक कागद उचलून, बघून, पालथा ठेवत गेल्या. हीटरचा पाइप मधूनमधून खडखडत होता.

"पाय," त्या म्हणाल्या. "पाय का?"

मला सांगता आलं असतं. मावशी, आई, दक्षिण, सगळं. पण ते इंग्रजीत सांगायला लागले तर एक गमतीदार गोष्ट होईल, बाई मान हलवून ऐकतील आणि माझ्या चुकीऐवजी माझ्या घराकडे बघतील, असं मला वाटलं. मी म्हणाले, "माझी चूक झाली."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

"आज बुधवार आहे."

त्या एवढंच बोलल्या. चुकीसाठी मला कुणी रागावलं असतं तर मी ते विसरूनही गेले असते. हे तीन दिवस अजून विसरले नाही.

बाई परिषदेला गेल्या आणि मण्यांवर बोलल्या. तो विषय जुना होता, त्यांनी पूर्वीही मांडलेला. परत आल्यावर त्यांनी मला काढलं नाही. पण मी भरलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या एका विद्यार्थिनीने तपासायची असं ठरलं, आणि मी वाचून दाखवलेल्या आकड्यावर बाई परत कधी कागद न बघता पुढे गेल्या नाहीत. नकाशावरचा लाल गोल त्यांनी खोडरबराने पुसला. नीट पुसला गेला नाही.

घरी मी काही सांगितलं नाही. काकांच्या गुडघ्यावरचा काळानिळा डाग महिनाभर होता आणि मावशी त्याचं कारण सगळ्यांना सांगायची, "हिचं लक्ष कुठे असतं देव जाणे."

निवृत्त होण्यापूर्वी बाईंनी फॉर्म नव्याने छापून घेतला. दिशेच्या चौकटीत आता एक छोटा आडवा माणूस होता आणि बाण त्याच्या डोक्यातून निघत होता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: डोक्याची दिशा. त्या वर्षी आलेल्या नव्या मुलीला मी काम समजावून देत होते. ती त्या चौकटीवर बोट ठेवून हसली. "हे कुणाला सांगायला लागतं?"

"कुणास ठाऊक," मी म्हणाले, आणि तिला पुढचा फॉर्म दिला.