रंग बघायचा कागद

कोल्हापूरला जायचं ठरलेलं नव्हतं. आत्तीचा फोन आला, "प्रदर्शनवाले म्हणत्यात चित्रात गडबड हाय. ये." मी पुण्याहून पहाटेची एसटी पकडली. पाच-सहा तास धरून चाला. वाटेत रस्त्याची कामं असली तर डबा जवळ ठेवा.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला राहते, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. पंचविशीत तिने गुऱ्हाळावर बसून जलरंगात एक चित्र केलं. त्यात गुऱ्हाळ नाही, माणूस नाही. ओल्या कागदावर नारिंगी जांभळ्यात घुसलाय आणि मध्येच एक हिरवा थेट अंगावर येतो. कोल्हापुरात म्हैस काढली तर ती दूध देईलशी दिसावी लागते. त्यामुळे चित्र कपाटातच राहिलं. आता कुठे, पहिल्यांदाच, तिने ते प्रदर्शनाला दिलं होतं.

आत्ती स्टँडवर आली होती. आधी मिसळ खाल्ली. इथे पावाऐवजी स्लाइस ब्रेड मिळतो, तक्रार करू नका. मग हॉल गाठला.

संयोजक अदबीने बोलले. "बाई, रंग बघायचा कागद आलाय. चित्र घरीच राहिलं काय?"

जलरंगवाले चित्रावर रंग लावायच्या आधी बाजूच्या तुकड्यावर लावून बघतात. यांना चित्रच तो तुकडा वाटलं होतं. माझं डोकं फिरलं.

आत्ती म्हणाली, "चित्र आलंय. बघायचं राहिलंय."

"नदीच्या घाटाचं एखादं द्या की त्यापेक्षा. न्हाईतर ही जागा दुसऱ्याला द्यावी लागंल."

आत्तीने टेबलावरचा हातोडा उचलला. खिळा सरळ गेला. चित्र टांगून ती म्हणाली, "काढायचं तर तुमी काढा. माझ्या हातानं न्हाय निघायचं."

कुणी काढलं नाही. दुपारभर लोक येत होते, बरेचसे न थांबता पुढे जात होते. दोघे हसले. मग एक म्हातारे गुळवे, रस आटताना रंगावरून गूळ ओळखणारे, चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "बाई," ते म्हणाले, "रसाची काहील उतरायची वेळ झाली की ही."

निघताना तिने मला एक जपलेला चिटोरा दिला, त्याच चित्राच्या वेळचा. त्यावर रंगांचे पट्टे, ओळीने, अगदी शहाण्यासारखे. तो मी पुण्यात फ्रेम करून लावलाय. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कसलं चित्र?

मी सांगते, हा रंग बघायचा कागद. चित्र गडमुडशिंगीला आहे. कोल्हापुरातून शहर बस जाते, बघून या.