सासऱ्याला दाखवलेली पाखरं

धाकट्या बहिणीला क्षय झाला आणि सासरच्यांनी तिला आमच्याकडं निपाणीला आणून सोडलं. दोन वर्षांची पोर मात्र तिकडंच ठेवून घेतली. पाच महिने बहिणीचं एकच टुमणं, "अण्णा, मला माझ्या पोरीकडं ने रं."

लढाईचे दिवस होते. थंडीत तिचा सासरा बघायला आला आणि सरळ बोलला, "खोकला गेला असंल तर नेतो. माझ्यासमोर तळ्याला एक फेरा मारू दे, मग ठरवू." असा संताप आला म्हणता! बाजारात बैल चालवून बघतात, तसा हा सुनेला चालवून बघणार. पण ती केव्हाच लुगडं नेसून दारात उभी.

तळं संस्थानचं, सरकारांच्या शिकारीसाठी राखलेलं. दुसऱ्या कुणी तिथं गोफणसुद्धा फिरवायची नाही, त्यामुळं पाखरं निवांत असायची. बांधावरच्या पाऊलवाटेनं सासरा पुढं, मधे मी, मागं डोक्यावरून पदर घेतलेली ती. सुनेनं सासऱ्याच्या पुढं चालायचं नाही, ही रीत त्या दिवशी माझ्या पथ्यावर पडली.

शंभरेक पावलांवर तिचा श्वास वाजायला लागला. मी ओरडलोच, "आप्पा, थांबा थांबा! ती बघा पाणकोंबडी, शेवाळावरनं कशी चाललीया!" म्हातारा कौतुकानं बघत राहिला. पुढं बाभळीवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते, ते दाखवले. मग खंड्या, मग बदकांचा थवा. जिथं तिला धाप लागली, तिथं मला पाखरू दिसलं. नसलं तरी दिसलं.

"लई नाद हाय की तुमाला," सासरा हसला.

मी मागं वळून पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो काढून मुठीत लपवला, तेव्हा लाल दिसलं. तिनं नुसत्या मानेनं सांगितलं, चल. आणि मी चाललो. अरे मेल्या, तिथंच तिला खाली बसवायचं होतंस!

फेरा पुरा झाला. सासरा म्हणाला, "बरं वाटलं. मला भ्या पोरीचं हुतं, दुसरं काय? आईच्या कुशीतच निजणार ती." दुसऱ्या दिवशी बहीण हसत बैलगाडीत बसली. आम्हीही हसलो.

दोन महिन्यांत ती गेली. शेवटपर्यंत लेक तिच्या कुशीत होती, याचं मला तेव्हा समाधानच वाटलं. दिवसांना गेलो, तर पोर ओसरीवर बसलेली. मी हाक मारली. ती हसली आणि खोकायला लागली. खोकला थांबेचना.

सासरा खांबाला टेकून बघत होता. "तळ्यावर खोकत नव्हती हो ती," तो म्हणाला. "म्या बघितलं की. व्हय का न्हाय?"

"न्हाय आप्पा, न्हाय खोकली," मी म्हणालो.

उन्हाळा संपायच्या आत पोरही गेली. म्हातारा पुढं बरीच वर्षं जगला. येईल त्याला सांगायचा, माझीच नजर चुकली, माझ्यामुळं नात गेली. मी त्याला एकदाही खरं सांगितलं नाही.