आतोबांच्या सेलचं बारसं

आमच्या आतोबांच्या लेखी जगात मेलेलं असं काही नसतंच, सगळं नुसतं दमलेलं असतं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सूतगिरणीतून वायरमन म्हणून निवृत्त झाल्यावर लोक शेळ्या पाळतात, नाहीतर राजकारणावर बोलतात. यांनी उचगावच्या घराच्या पडवीत लिथियम सेलचा दवाखाना काढला. बंद पडलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या उघडून त्यातले बोटाएवढे सेल ते बाहेर काढतात. वर्षानुवर्षं पडून ते इतके उतरलेले असतात की चार्जरला लावले तर चार्जर ओळखच दाखवत नाही. "लग्नात गरीब पावण्याला कोण वळाकतंय?" आतोबा म्हणतात, आणि त्या सेलला अगदी बारीक करंट देत बसतात. "उपाशी माणसाला एकदम पुरणपोळी घातली तर मरंल की! आधी पेज." फुगलेला किंवा गळका सेल मात्र ते बघताक्षणी वाळूच्या बादलीत टाकतात, तिथे दयामाया नाही. बाकीच्यांच्या कपाळाला (सेलला कपाळ असतं हे मला त्यांच्याकडेच कळलं) दर दहा मिनिटांनी उलटा हात लावून ताप बघतात.

या दवाखान्यातली नर्स मी. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी सगळे एकाच वेळी बोलतात, म्हणून रविवारी मी उचगावला पळते. मी कमी बोलते हा घरी आजार समजला जातो. आतोबांनी तीच पात्रता धरली. "आकडा विचारला तर आकडाच सांगती. दुसरी कुणी असती तर सोबत चार गावच्या भानगडी सांगितल्या असत्या." मी मीटरवर सेलचे व्होल्ट वाचते आणि वहीत लिहिते. ते स्वतः बोलून आकडा सांगतात तेव्हा मात्र पंचाईत होते. "पावणेतीन" म्हटल्यावर इंग्रजी शाळेत शिकलेलं माझं डोकं जरा वेळ घेतं. आतोबा हात जोडून शांत उभे राहतात. "दमानं. डाउनलोड हुतंय."

त्यांचा एकच कडक नियम आहे. सेल भरला म्हणजे जगला असं नाही. तो बारा दिवस बाजूला ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही, आणि बाराव्या दिवशी आकडा तोच राहिला असेल तरच त्याचं बारसं करायचं. मार्करने सेलवर नाव लिहायचं आणि आत्याने सगळ्यांना पेढा द्यायचा. नावं सगळी नात्यातली. लवकर तापणारे सेल आत्याच्या माहेरची नावं घेतात, त्यात माझे वडीलही आले. माझ्याही नावाचा एक आहे. "भरायला लई वेळ लावतोय, पण धरलेलं सोडत न्हाय," अशी त्याची ख्याती.

खरी परीक्षा आली ती आत्याच्या स्कूटरमुळे. गल्लीत विजेची स्कूटर पहिल्यांदा आत्याने घेतली होती. तिच्यावरून ती भजनाला, भाजीला आणि मुख्यतः भांडायला जायची. मग एकदा वळणावर पडली, मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण वर्षभर ताडपत्रीखाली उभ्या गाडीची बॅटरी पार उतरली. दुकानदाराने हात वर केले. आत्या म्हणाली, "जाऊ दे. मलाबी आता जमायचं न्हाय." तेवढ्यावर त्यांच्या पुण्यातल्या मुलाने फोनवरूनच गडहिंग्लजच्या एका माणसाला गाडी देऊन टाकली. पण आत्या रोज सकाळी ती ताडपत्री झटकायची, आणि आतोबा पडवीतून ते बघायचे.

त्यांनी बॅटरी उघडली. सेलचे तेरा गट. एकेकाला पेज पाजून, ताप बघून, एका मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता सगळी बॅटरी पाटावर ठेवली. बारावा दिवस रविवारी पाचला भरत होता. आणि त्याच रविवारी सकाळी दहाला तो माणूस टेम्पो घेऊन दारात!

आता दुसरा कुणी असता तर सरळ नाही म्हणाला असता. पण दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? आणि बारा दिवस भरायच्या आत बॅटरीला हात तरी कसा लावायचा? आतोबांनी चहा सांगितला. मग पोहे. पाहुणा म्हणाला, "गाडी चढवूया का?" "चढवूया की. न जेवता जाताय व्हय पावणं?" आतोबा स्वतः जाऊन मटण घेऊन आले. आत्याला काही कळेना, तरी तिने तांबडा-पांढरा दोन्ही रस्से केले. पाहुणा चौथ्या वाटीला नको म्हणाला. आतोबांनी वाटी त्याच्या तोंडालाच लावायची बाकी ठेवली. तीन वाजता तो चटईवर आडवा झाला आणि घोरू लागला. आतोबांनी त्याच्यावर चादर घातली, पंखा वाढवला.

पाच वाजता त्यांनी मीटर माझ्या हातात दिला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी एकेक गट तपासला. तेराही आकडे वहीतलेच. मी सहसा ओरडत नाही. त्या दिवशी पाहुणा कूस बदलेल इतकी ओरडले. बॅटरी बसली. आत्या नको नको म्हणत चपला शोधत होती. "एवढ्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो," असं म्हणून ती गेली ती गेलीच.

पाहुणा डोळे चोळत बाहेर आला. "गाडी कुठं हाय?"

"गेली की."

"कुणी न्हेली?"

"मालकिणीनं," आतोबा म्हणाले, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून माझ्या वडिलांच्या नावाच्या सेलची विजेरी त्याच्या हातात ठेवली. तो आधी तापला, मग हसायला लागला. आता तो सणासुदीला जेवायला येतो.

आत्या आता घरात सापडत नाही. गाडीचा आवाज येत नाही म्हणून आतोबांनी हँडलला बैलाचा घुंगरू बांधलाय. चहा स्वतः करून घेतात आणि माझ्यासाठीही ठेवतात. मात्र दर रविवारी बॅटरी काढून मला मीटर लावायला सांगतात. पूर्ण भरूनही आकडा मागच्यापेक्षा थोडा, अगदी थोडा उतरलेला असतो. एकदा मी विचारलं, "किती दिवस चालेल?"

"वरीस. लई तर दीड. एकदा एवढं उतरलेलं पहिल्यासारखं न्हाय हुत बाळ." मग वही माझ्याकडे सरकवली. "पेन्सिलीनं लिही. आणि तिला दाखवू नको."

मी लिहीत होते, तेवढ्यात आत्या पडवीत येऊन किल्ली मागू लागली. आतोबांनी वहीवर टॉवेल टाकला, बॅटरी बसवून दिली आणि दारात उभे राहिले. घुंगरू गल्लीच्या टोकाला ऐकू येईनासा झाला तरी ते तसेच उभे होते.