शेंदराचा ठिपका

रामकिशनविषयी लिहायला बसलं की मला आधी माणिकरावांचा राग येतो, मग स्वतःचा.

रामकिशन चारठाण्याचा, परभणीला आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. नामांतराच्या वादात कॉलेज महिनामहिना बंद असे, तेव्हा हा एकटा क्ष-किरणांच्या यंत्राशी झटून सगळं शिकला. स्फटिक फिरत्या बैठकीवर ठेवायचा, पाच-पाच अंशांनी वळवायचा, दर वळणाला एक फिल्म. त्या ओळीनं लावल्या की न फोडता स्फटिकाचं पोट चहूबाजूंनी कळे. आम्हा पदवीधरांना एवढा धीर कुठला!

शहाऐंशी साली त्यानं आईचा स्फटिक आणला. सारजाबाईला तो विहिरीच्या खोदकामावर सापडलेला, मुठीएवढा, नितळ. फोडायचा नाही, या एकाच अटीवर तिनं तो दिला होता.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. विभागप्रमुख माणिकरावांनी तेलात कालवलेला शेंदूर यंत्राला लावला आणि हौसेनं स्फटिकालाही. पुढच्या आठवड्यात फिल्मवर पांढरा ठिपका उमटला. माणिकराव हरखले. आत दुसरं खनिज आहे, कापून काढू, परिषदेत मांडू, म्हणू लागले. शेंदरातलं शिसं क्ष-किरण अडवतं, हे वर्गात शिकवणारे हेच.

रामकिशननं सगळ्या फिल्म्स मांडल्या. ठिपका आत असता तर कुठूनही आतच दिसला असता. हा एका कोनात पार कडेला येऊन टेकत होता.

"सर, शेंदूर हाय हा. खाचेत बसलाय. धुऊन परत फोटू काढू, दोन तास लागतील."

शेंदूर पुसलाय, शिपायानं अक्कल शिकवू नये, असं सुनावून माणिकरावांनी करवत चालवायला लावली. मी तिथंच उभा होतो. मला फिल्म्स वाचता येत होत्या. पण माझी नोकरी कायम करणं त्यांच्या हातात होतं, आणि मी गप्प बसलो.

आत काहीच निघालं नाही. बाहेरच्या खाचेतून रामकिशननं सुईनं केशरी कण काढून कागदावर ठेवला. माणिकराव चहाला निघून गेले. एखाद्याच्या आईची वस्तू कापायची आणि चहाला जायचं!

दोन्ही तुकडे घेऊन आम्ही चारठाण्याला गेलो. सारजाबाईनं ते पदरावर जुळवून पाहिले. करवतीनं खाल्लेली फट काही भरेना. मग तिनं लेकाला विचारलं, "न फोडता आतलं दिसावं म्हनूनच मशीन हाय, म्हनला व्हतास ना?"

रामकिशननं माझ्याकडे पाहिलं.