पंख्यासाठी वर झालेला हात

आमच्या ह्यांना लोकांनी नगरसेवक केलं ते एकाच गुणावर. हा माणूस ऐकून घेतो म्हणे. पुढच्या खोलीत ह्यांचं सलून, पडद्यामागे माझं स्वयंपाकघर. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की सुनेच्या कागाळ्यांपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बाहेर यायचं, आणि हे कात्री चालवत आरशातून त्याच्याकडे बघत राहायचे. समोरचा थांबला की मान हलवून म्हणायचे, "हो ना, काय करणार." मध्येच तोंड घालणं नाही, फुकटचे सल्ले नाहीत. दर आठवड्याला दाढीला येणारे म्हातारे पोस्टमन तर तरणाताठा मुलगा गेल्यापासून आमच्याच खुर्चीत मन मोकळं करायचे. निवडणुकीला ह्यांचं नाव सुचवलं तेही त्यांनीच.

खरं सांगू? ह्यांना ऐकूच येत नव्हतं. हळूहळू गेलं, अगदी पार गेलं. घरात मी समोर उभी राहून, हातवारे करून बोलायची. बाहेर कुणाला पत्ता नाही. मशीन लावा, मशीन लावा म्हणून मी घसा कोरडा केला, पण गिऱ्हाईक काय म्हणेल हा ह्यांचा एकच धोशा. शेवटी मी हात टेकले.

निवडणुकीत ह्यांनी शब्द दिला होता, गल्लीतला दवाखाना बंद होऊ देणार नाही. दोन खोल्या, एक नर्स आणि बाहेर बाकडं, एवढाच तो दवाखाना. माझ्या नणंदेच्या पायाची जखम काही केल्या भरत नव्हती. रोज पाय ओढत तिथं जायची आणि ड्रेसिंग करून घ्यायची. नगराध्यक्षांना मात्र तो खर्च नको होता. मोठ्या रस्त्यापलीकडे इस्पितळ असताना गल्लीत दवाखाना कशाला, असं त्यांचं म्हणणं.

सभागृहात निभावून न्यायची ह्यांची एक युक्ती होती. पुढच्या बाकावर ह्यांच्याच गटातले मास्तर बसत. मास्तरांचा हात वर गेला की ह्यांचा वर. मास्तर गप्प, तर हेही गप्प. लोक म्हणत, काय एकनिष्ठ माणूस आहे.

अंदाजपत्रकाच्या सभेला गल्लीतल्या आम्ही बायका मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो, नणंदही आली. नगराध्यक्षांनी दवाखाना बंद करायचा ठराव वाचला आणि अनुकूल असतील त्यांनी हात वर करा म्हणाले. समोरच्या बाजूचे हात वर गेले. नेमके तेव्हाच पंख्याच्या वाऱ्याने मास्तरांचे कागद उडायला लागले. एका हाताने कागद दाबून मास्तरांनी दुसरा हात वर केला, शिपायाला पंखा बंद करायची खूण म्हणून. झालं. ह्यांचाही हात वर.

माझा हात पंख्यासाठी होता हो, असं म्हणत मास्तरांनी आपला हात खाली घेतला, पण तोवर ह्यांचा मोजला गेला होता. मग विरोधकांना हात वर करायला सांगितलं. मास्तरांचा हात गेला, आणि मागोमाग ह्यांचाही. सगळं सभागृह खो खो हसलं. एका माणसाला दोन मतं नसतात, पहिलं धरलं, असं नगराध्यक्षांनी जाहीर केलं. ठराव एका मताने मंजूर झाला. सगळे हसताहेत म्हणून हेही हसले, आणि मागे वळून आमच्याकडे बघून पुन्हा हसले. दवाखाना वाचवला असं वाटत होतं ह्यांना. मला तर बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही डगरींवर हात ठेवणारा माणूस, असं गल्लीत झालं. विकला गेला म्हणाले. सलूनची खुर्ची रिकामी पडली. नणंद आली, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"दादा, माझ्या पायापेक्षा मोठं असं काय मिळालं रे तुला?"

ती गेल्यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं, काय म्हणाली म्हणून. ते वाक्य मला पुन्हा, सावकाश, ह्यांच्या तोंडासमोर म्हणावं लागलं. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. ऐकू येत नाही म्हणून सांगून टाका एकदाचं, मी चिडून म्हटलं. ह्यांनी वस्तरा पुसून ठेवला.

"चोर म्हणू देत," म्हणाले. "चोर म्हटलेलं लोक विसरतात. पण पोस्टमनना मी काय सांगू?"

ठराव झाल्यापासून दवाखान्यात ड्रेसिंग थांबलं होतं. पुढच्या सभेच्या सकाळी नणंद इस्पितळात जायला मोठा रस्ता ओलांडताना ह्यांना दिसली. पट्टी ओली झालेली, गाड्या हॉर्न मारताहेत आणि ही मध्येच अडकलेली. कुणी परक्याने हात धरून पलीकडे नेली. घरी येऊन हे जेवले नाहीत.

मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करण्याआधी सदस्याला आपलं मत दुरुस्त करता येतं, पण चूक कशी झाली ते भर सभेत सांगावं लागतं. आम्ही बायका पुन्हा मागे बसलेल्या. हे उठले. आपला आवाज केवढा आहे हेही ह्यांना कळत नाही, त्यामुळे पार बाहेरच्या जिन्यापर्यंत गेला.

"मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं येत नाही. मी मास्तरांचा हात बघून हात वर करतो."

कुणीतरी फिसकन हसलं. नगराध्यक्षांनी काही विचारलं ते ह्यांना कळेना, तेव्हा मास्तरांनी कागदावर लिहून दाखवलं. फेरमतदान झालं, ठराव पडला, दवाखाना राहिला. नणंद रडली. मला आनंद व्हायला हवा होता, पण मान वर करून कुणाकडे बघायची हिंमत होईना.

पोस्टमन आपल्या नेहमीच्या वारी आले. खुर्चीत बसले. ह्यांनी तोंडाला फेस लावला. मी पडद्यामागे उभी. म्हातारा आरशात बघून बोलला.

"म्हणजे माझ्या पोराचं मी एवढं सांगायचो, त्यातलं तुला काहीच ऐकू आलं नाही?"

ओठ फेसाखाली होते. म्हातारा बोलून थांबला, एवढंच ह्यांना दिसलं. इतक्या वर्षांची सवय. ह्यांनी मान हलवली.

"हो ना," म्हणाले, "काय करणार."

पडदा माझ्या हातात होता, पण मला बाहेर येववलं नाही.