पाच कोन आणि मी

"पाय घ्या!"

ही आरोळी आली की वरळीच्या आमच्या चाळीत पॅसेजमधली माणसं मुकाट पाय उचलायची. केर काढणारीचं हे वाक्य तुमच्याही मजल्यावर ऐकू येत असणार. फरक एवढाच, की आमच्या वहिनींच्या हातात झाडू नसायचा. पायाशी फुटबॉल असायचा.

वहिनी माझ्या समोरच्या खोलीतल्या. पन्नाशी उलटलेल्या, बँकेत नोकरीला. अंगात गाऊन, वर ओढणी आणि पायात मुलाचे बूट. चाळ पाडून टॉवर व्हायचे होते. त्याआधी पलीकडच्या चाळीशी बायकांची शेवटची मॅच ठरली. लग्न होऊन आल्यापासून वहिनी प्रत्येक मॅचला सरबताच्या टेबलावर. या वेळी त्यांनी जाहीर केलं, "सरबत कोणीही करा. मी खेळणार." अख्खा मजला हसला. मी जरा जास्तच हसलो.

टीमला शिकवणारी पोरगी भलतीच कडक. तिने पॅसेजमध्ये नारिंगी कोन मांडले. "काकू, सगळ्यांना वळसे घालून बॉल नेलात तरच टीममध्ये घेईन." कोन निघाले पाच, हवे होते सहा. मी दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. झालं! मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तळव्याने बॉल मागे ओढायचा आणि गर्रकन वळायचं, असा तो प्रकार. वहिनी गर्रकन वळायच्या, पण बॉल सरळ माझ्या खोलीत. एकदा तर आमटीत.

"अहो वहिनी, बॉल तिकडे, तुम्ही कुठे निघालात?"

"भाऊजी, तुम्ही कोन आहात. कोन बोलत नाहीत."

एका संध्याकाळी त्या धपकन पडल्या. गुडघा चोळत माझ्या खुर्चीशीच बसून राहिल्या. "हसा तुम्ही. पण आजवर सगळ्यांनी माझ्याकडे ग्लासच मागितला हो. एकदा तरी कुणीतरी मला पास द्यावा." मला काही हसू आलं नाही. पेपर घडी करून ठेवला आणि खुर्ची नीट कोनांच्या रांगेत सरकवली.

शेवटी एकदाचे सगळे वळसे जमले. मी टाळ्या पिटल्या, तर म्हणतात कशा, "कोन टाळ्या वाजवत नाहीत!"

मॅचमध्ये वहिनींना पास मिळाला. समोर एक धिप्पाड बाई. एवढं मोठं मैदान आणि कोन एकही नाही. वहिनी गोंधळल्या आणि सवयीने ओरडल्या, "पाय घ्या!"

ती बाईही चाळीतच वाढलेली. तिने चटकन पाय उचलला! बॉल खालून पार. पुढचीनेही उचलला. गोलकीपरने तर जागेवर उडीच मारली. गोल!

"चीटिंग! चीटिंग!" समोरच्यांनी गलका केला. रेफरीला नियम काही सापडेना. शिवाय पाय त्यानेही उचलला होता.

आता आम्ही टॉवरमध्ये राहतो. वहिनी मात्र रिटायर होऊन मुलाकडे नाशिकला गेल्या. इथल्या पॅसेजची लादी चकाचक, दारं सगळी बंद. फार चुकल्यासारखं वाटतं हो. मी रोज संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकतो. परवा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, "काका, पॅसेजमध्ये बसायची परवानगी नाही."

मी म्हटलं, "मी बसलेलो नाही. मी कोन आहे."