सादायोने छापलेला जाळ

क्योटोच्या निशिजिन भागात सादायो लाकडी ठशांनी चित्रं छापायची. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत अख्खी आळी जळाली होती. तेव्हापासून चुलीत लाकूड तडतडलं तरी ती दचकून मागे सरायची. शेजारून धुराचा वास आला की हातातलं काम टाकून ही बाहेर. बायका हसायच्या.

आणि त्या हिवाळ्यात तिच्याकडे काम आलं ते नारा शहरातल्या देवळाच्या अग्निउत्सवाचं. ठसे म्हाताऱ्या इवाकिचींनी कोरलेले: उंच सज्ज्यात पेटत्या मशाली घेऊन धावणारी माणसं, खाली ठिणग्यांचा पाऊस. सादायो छापायची, बघायची आणि कागद बाजूला टाकायची.

इवाकिचींनी एक कागद उजेडात धरला.

"जाळ म्हणायचा का गं हा? लोणच्यातलं आलुबुखार दिसतंय."

"लाल आणखी चढवते, काका."

"लाल चढवून काय होतंय! कधी पाहिलायस तो उत्सव?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"चल मग. मी आहे सोबत."

"नको हो. मला नाही जमायचं."

"नाही जमत तर ठसे परत दे. दुसरा कोणी छापेल."

ती गेली. देवळाखाली माणसांची अशी दाटी, की मागे फिरायलाही वाट नाही. दिवे मालवले आणि सज्ज्याच्या कोपऱ्यावर पहिली मशाल गरगरली. ठिणग्या कोसळल्या. अंगावर ठिणगी पडावी म्हणून लोक पुढे रेटत होते, सादायो एकटी मागे. एक निखारा तिच्या शालीवर पडला. इवाकिचींनी तो चापट मारून विझवला.

"नशीब काढलंस, बाई!" शेजारची म्हातारी म्हणाली. "आता वर्षभर दुखणं नाही शिवायचं."

"काका, मला बाहेर काढा!"

"आधी डोळे उघड. मग काढतो."

तिने उघडले. मशालीचा गाभा लाल नव्हताच, जवळजवळ पांढरा होता. लाली होती ती छपराच्या खालच्या अंगाला, माणसांच्या गालांवर. आणि भोवती काळोख, विहिरीसारखा.

परतताना आगगाडीत ती शालीवरचं जळकं भोक बोटाने चाचपत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने ठशावर लावलेला ज्वाळेच्या गाभ्याचा रंग फडक्याने टिपून घेतला, तिथे कागद कोराच ठेवला. काळा मात्र पुन्हापुन्हा चढवला.

इवाकिचींनी कागद पुन्हा उजेडात धरला. "आता जवळ धरवत नाही," एवढंच म्हणाले.

चित्रं हातोहात खपली. छापणारीच्या वाट्याची एक प्रत सादायोलाही मिळाली. ती तिने त्याच संध्याकाळी बहिणीकडे नेऊन दिली. झोपायच्या घरात असलं काही नको, म्हणाली.